खुर्चीमागचा आवाज

१

डबी जागेवर होती. झाकणावर स्नेहलच्या हातची तारीखही होती. आतलं कार्ड तेवढं नव्हतं.

स्नेहलने डबी तळहातावर उलटी आपटली, कपाटाचा कप्पा चाचपला आणि मग ती तिथेच फरशीवर बसली. लोणावळ्यात भांगरवाडीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तिचा हा हॉल होता. दर मंगळवारी दुपारी तीनला तिथे पाच माणसं जमत. पाचांचंही जवळचं कुणीतरी गेलेलं. नुसतं बोलून ज्यांना मोकळं होता येत नाही त्यांना स्नेहल नाटक करायला लावी. मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवायची. गटातल्या कुणीतरी गेलेलं माणूस होऊन त्या खुर्चीवर बसायचं आणि ज्याचं दुःख त्याने समोर बसून राहिलेलं सगळं बोलायचं. सगळ्यांच्या संमतीने एक लहानसा कॅमेरा चालू असे. नंतर त्याचं कार्ड कपाटात जाई.

"इर्शादकाका, बाकीची सगळी कार्डं आहेत," स्नेहल म्हणाली. "गेल्या मंगळवारचंच नाही."

इर्शादभाई शेख कपाटापाशी वाकले. पोलिसात पस्तीस वर्षं काढून ते हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. तीन वर्षांपूर्वी बायको कमरजहाँ गेली आणि घरात त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा लेकीने हट्टाने त्यांना या गटात आणून बसवलं. पाच महिने झाले तरी त्या खुर्चीसमोर जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. दुसऱ्यांचं मात्र ते मन लावून ऐकत. गेल्या मंगळवारी तेवढे ते आले नव्हते, पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दारामागच्या खिळ्याला असते, हे गटात सगळ्यांनाच माहीत होतं.

"हे कार्ड आज बाहेर निघणार, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. विठामावशींना त्या दिवशीचं पुन्हा ऐकायचं होतं. मी शनिवारी मेसेज टाकून विचारलं, कुणाची हरकत आहे का म्हणून. कुणाचीच नव्हती."

"एकाची होती," इर्शादभाई म्हणाले.

पाठीमागे पायऱ्यांवर चपला वाजल्या. वडिवळ्याहून दोन गाड्या बदलून आलेल्या विठाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या डबीकडे बघितलं.

"हारपलं?" त्या म्हणाल्या. "मंग माजी पोर आता परत कुटनं बोलायची?"

२

इर्शादभाईंनी त्यांना खाली वाचनालयाच्या ओट्यावर आणून बसवलं, पाणी दिलं.

विठाबाईंची गोष्ट गटाला पाठ होती. नवरा लवकर गेला. चार खाचरं भाताची आणि एकुलती एक प्रेरणा. पोरगी तळेगावच्या एका कारखान्यात कामाला लागली, हप्त्याने स्कूटर घेतली. दीड वर्षापूर्वी, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, संध्याकाळी घरी येताना नाणे गावच्या रस्त्याच्या वळणावर कुठल्याशा गाडीने तिला उडवलं. गाडी निघून गेली. मागून आलेल्या दोघांनी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. गाडीचा पत्ता लागला नाही.

आज विठाबाईंच्या डोळ्यांवर काळ्या काडीचा नवा चष्मा होता. इर्शादभाईंनी तो आधी कधी पाहिला नव्हता.

"ह्यो चश्मा तिनंच दिला, भाऊ."

"कुणी?"

"प्रेरणानं. गेल्या मंगळवारी गटातली पायल माजी प्रेरणा हुऊन खुर्चीवर बसली व्हती. मी म्हनलं, बाय, जाताना मला काय सांगायचं व्हतं का गं? तर म्हनली, आये, तुजा चश्मा डिकीत हाय." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "माजे डोळं तपासून घेतलं व्हतं तिनं. पन चश्मा आनला का न्हाई, कुनाला म्हाईत? पोलिसांनी स्कूटर दिली तवापासनं ती गोठ्यात पोत्याखाली हाय. डिकी चेपलेली. मी कदी हात लावला न्हाई. त्या राती झोप न्हाई आली. सकाळी पुतण्याला म्हनलं, निलेश, पहार घाल. आत डबी. डबीत ह्यो."

विठाबाईंना वाटत होतं की त्या खुर्चीवर त्यांची लेक खरंच येऊन गेली. इर्शादभाईंना तसं वाटू शकत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

त्यांनी डबीवरचा पत्ता वाचून तळेगावच्या चष्मेवाल्याला फोन लावला. त्याने वही पाहून सांगितलं की मुलीने चष्मा स्वतः नेला, त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाचला. तो तिने कुठे ठेवला ते त्याला काय माहीत असणार?

साडेपाचला चष्मा तिच्या हातात आला आणि सातच्या आत ती वळणावर पडलेली सापडली. त्या दीड तासात तिने कुणाला तरी सांगितलं होतं की चष्मा डिकीत आहे. ते माणूस गेल्या मंगळवारी या हॉलमध्ये होतं.

३

पायल एका रिसॉर्टच्या काउंटरवर कामाला होती. वर्षापूर्वी तिची आई आजाराने गेली. इर्शादभाईंनी विचारलं तशी ती रडायलाच लागली.

"काका, मला सगळे असे बघतायत जसं काही मी मावशींना फसवलं. मी मनाचं नाही बोलले. ते वाक्य सावलीचं होतं."

सावली म्हणजे काय ते इर्शादभाईंना माहीत होतं. खुर्चीवरचं माणूस अडलं की दुसरं कुणीतरी उठून त्याच्या मागे उभं राही, खांद्यावर हात ठेवी आणि त्याच्या मनातलं न बोललेलं कुजबुजून सांगे. पटलं तर खुर्चीवरच्याने ते मोठ्याने म्हणायचं.

"सावली कोण झालं होतं?"

"मी मागे वळून नाही पाहिलं. मावशींवरची नजर हलवायची नसते ना. खांद्यावर दोनदा हात आला, एकापाठोपाठ एक. दोन वेगवेगळ्या माणसांचे हात होते."

"आणि स्नेहल?"

"मावशी कोसळतील असं वाटलं म्हणून ती त्यांना धरून बसली होती. तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं."

"दोन्ही वेळचे शब्द आठवतात? जसेच्या तसे सांग."

पायलने डोळे मिटले. "पहिल्यांदा, 'आई, तू दमलीस का?' दुसऱ्यांदा, 'आये, तुजा चश्मा डिकीत हाय.'" ती थांबली. "मी घरी मम्मी म्हणायचे, काका. आये हा शब्द माझ्या तोंडात कसा येईल? मागून आला तसाच मी म्हटला."

हॉलमध्ये तेव्हा आणखी दोघेच होते. कामशेतला मोबाईलचं दुकान चालवणारा अरहम आणि तळेगावचे धोंडिबा.

४

धोंडिबा साठीचे, हडकुळे, बोलायला मऊ. ते दर मंगळवारी तासभर आधी येत आणि सगळ्यांच्या खुर्च्या मांडत. इर्शादभाईंनी विचारल्यावर त्यांनी मान हलवली.

"म्या पयला हात ठेवला, भाऊ. दमली का, येवढंच म्हनलो. मागनं तो पोरगा उठला. त्याचं त्याला इचारा."

अरहमने नेमकं उलटं सांगितलं. "पहिला मी होतो, चाचा. मी बसलो आणि धोंडिबाकाका उठले."

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. आणि अरहम खोटं बोलतो हे संध्याकाळपर्यंत सिद्धही झालं. सोमवारी आपण दुकानातच होतो असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, पण खालच्या ग्रंथपालबाईंनी सोमवारी पाच वाजता त्याला जिना उतरताना पाहिलं होतं. त्याच्या हातात लॅपटॉपला कार्ड लावायचं यंत्रही त्यांना दिसलं होतं.

इर्शादभाई दुकानात गेले तेव्हा अरहम शटर अर्धं खाली ओढत होता. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मोबाईल पुढे केला. पडद्यावर पायल खुर्चीवर बसून खळखळून हसत होती.

"हे माझ्या पाळीचं चित्रण आहे, चाचा. मार्चमधलं. पायल आयरा झाली होती." आयरा त्याची जुळी बहीण. "आयरा अशीच हसायची, मान मागे टाकून. आमच्याकडे तिचे फोटो आहेत, हसणं कुठेच नाही. स्नेहलताई कॉपी देत नाही. नियम आहे. मी सोमवारी गुपचूप जाऊन उतरवून घेतलं आणि कार्ड परत ठेवलं." त्याने मोबाईल मागे घेतला. "हवं तर पुसून टाकतो."

"पुसू नकोस," इर्शादभाई म्हणाले. "मला एवढंच सांग, विठाबाईंचं कार्ड तेव्हा होतं?"

"होतं. त्याच्याच खाली माझं होतं. उचलून बाजूला ठेवावं लागलं."

म्हणजे कार्ड गेलं ते सोमवारी संध्याकाळी पाचनंतर. सोमवारी हॉल झाडण्यापुरता उघडत आणि पाचनंतर बंद करत. मंगळवारी स्नेहलने दोन वाजता हॉल उघडला आणि ती पाण्याचा जार वर आणवायला खाली गेली. तेवढ्या वेळात वर एकच माणूस होतं. ते खुर्च्या मांडत होतं.

५

तरीही इर्शादभाईंचं मन घेईना. धोंडिबा का घेतील?

जानेवारीतला एक मंगळवार त्यांना आठवत होता. धोंडिबांची पाळी होती. रिकाम्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसून त्यांनी बायकोची अशी माफी मागितली होती की इर्शादभाई स्वतः रुमाल तोंडावर धरून बाहेर व्हरांड्यात गेले होते. "म्या थांबाया पायजे व्हतं," धोंडिबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तू बोलत व्हतीस आन् म्या निगून गेलो. म्या थांबलो न्हाई."

पण चिमाबाई गेल्या त्या घरी, धोंडिबांच्या मांडीवर, छातीत कळ येऊन. असं त्यांनीच गटाला सांगितलं होतं. मांडीवर जीव सोडलेल्या बायकोला सोडून माणूस निघून कधी गेला?

बुधवारी त्यांनी स्नेहलकडे सगळ्यांचे पहिल्या दिवशीचे अर्ज मागितले. ती तयार होईना.

"लोकांनी विश्वासाने लिहिलंय, काका. हा हॉल आहे, पोलीस चौकी नाही."

"आत काय आहे ते नको सांगू. गेलेल्या माणसाचं नाव लिहिलंय तेवढी ओळ दाखव. धोंडिबांची."

स्नेहलने बाकीच्या कागदावर हात आडवा धरला. 'सौ. चिमाबाई.' अक्षर वेडंवाकडं, पण स्वच्छ.

"कै. नाही," इर्शादभाई म्हणाले.

"पुष्कळांच्या हातून नाही लिहिलं जात, काका. लिहिलं की खरं होतं ना."

ते इर्शादभाईंना समजत होतं. रेशनकार्डावरचं कमरजहाँचं नाव त्यांनीही अजून कमी केलं नव्हतं. तरी गुरुवारी सकाळी ते तळेगावला उतरले, स्टेशनपासून चालत धोंडिबांची चाळ शोधून काढली आणि कडी वाजवली.

पीठ लागलेल्या हातांनी एका बाईंनी दार उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"धोंडिबा आहेत का? आपण त्यांच्या..."

"मी चिमाबाई. मालकीन," बाई हसून म्हणाल्या. "या की आत. ते दूध आनाया गेल्यात."

६

चिमाबाईंनी चहा टाकला. नवऱ्याचा एक स्नेही घरी आला याचाच त्यांना आनंद झाला होता.

"मंगळवारी भजनाला येत्यात ना तुमच्यासंगं? लय बरं झालं. मानूस पार मुका झाल्ता, भाऊ. बेडश्याची जमीन गेली तवा टेम्पो घेतला, त्यावर घर चाललं. भाताच्या दिसांत नाण्याकडनं गिरनीला पोती आनायचे. आन् एक दिस टेम्पो इकून मोकळे. का, तर डोळ्याला दिसत न्हाई म्हनं."

"कधी विकला?"

"परवाच्या साली. दिवाळी झाली आन् लगोलग."

इर्शादभाईंनी कप खाली ठेवला. त्याच वेळी धोंडिबा दुधाची पिशवी घेऊन दारात आले. त्यांनी इर्शादभाईंना पाहिलं, बायकोला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, जरा तळ्याकडं जाऊ."

दोघे तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसले. मग धोंडिबांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत कार्ड होतं.

"मोडाया गेल्तो. हात न्हाई झाला."

"गाडी तुमची होती."

"व्हय. येक दिवा बंद व्हता. वळनावर पोर दिसलीच न्हाई. उतरून पळत गेलो तर जित्ती. बोलत व्हती. तिला वाटलं, मागनं कुनीतरी मदतीला आलंय. मामा म्हनली मला." धोंडिबा पाण्याकडे बघत होते. "वीस मिन्टं बोलत व्हती, भाऊ. डोकं माज्या मांडीवर. मागं गाडीत भाताची पोती. चार पोती खाली टाकली असती तर ती मावली असती. म्या दोनदा उठलो. दोनदा खाली बसलो. पोलीस, मार, चिमी येकटी, समदं डोळ्याम्होरं आलं. मंग लांबनं उजेड दिसला. म्हनलं, आता ह्ये लोक तिला नेतील. आन् पळालो."

"आणि गटात कशाला आलात?"

"कामशेतच्या बाजारात कुनी म्हनलं, पोर गेलेली ती वडिवळ्याची बाई लोनावळ्याला कसल्या गटात जाती. मला तिच्या पाया पडायचं व्हतं. पन तितं जायाला घरचं कुनीतरी मेलेलं लागतंय. म्या चिमीचं नाव लिवलं." त्यांनी पुडी कठड्यावर ठेवली. "कै. लिवाया गेलो. पेन चालंना."

"आणि ते वाक्य?"

"त्या पोरीनं मला सांगितलं व्हतं, मामा, आयेला निरोप द्या. दीड वरीस निरोप माज्यापाशीच. मंगळवारी खुर्चीमागं हुबा ऱ्हायलो आन् आपसूक निगाला. निगाल्यावर भ्या वाटलं. पडद्यावर माजं तोंड दिसंल म्हनून कार्ड काढलं."

इर्शादभाईंनी नोकरीत किती तरी कबुल्या ऐकल्या होत्या. कबुली मिळाली की छाती हलकी व्हायची. आज ती जड झाली.

"मीच जातो चौकीत," धोंडिबा म्हणाले. "आदी तिला सांगतो. चिमीलाबी."

७

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये चौघंच होते. इर्शादभाईंनी स्नेहलला सगळं आधी सांगितलं होतं. जिने मुलगी गमावली आणि ज्याने ती हिरावली, ते दोघे पाच महिने स्नेहलसमोर एकाच गोलात बसत होते, एकमेकांना पाणी देत होते.

धोंडिबांनी टेम्पोची धडक, पोती, पळून जाणं, सगळं सांगितलं. विठाबाई हलल्या नाहीत. स्नेहलने सवयीने रिकामी खुर्ची मध्ये ओढली, तशी विठाबाईंनी हात वर केला.

"नगं, ताई. आता कुनी कुनी व्हायाचं न्हाई." मग त्या धोंडिबांकडे वळल्या. "तान लागली व्हती का तिला?"

"व्हय. गाडीतली बाटली आनली. दोन घोट प्याली."

"दुकत व्हतं?"

"पाय दुकतो म्हनली. मंग म्हनली, आता न्हाई दुकत."

"आनि?"

"आयेला म्हनावं चश्मा डिकीत हाय. कापनी आलीया, तिला इळ्याची धार दिसत न्हाई, हात कापून घिती." धोंडिबांनी बाहीने तोंड पुसलं. "मला नाव इचारलं. म्या खोटं सांगितलं. महिपती म्हनलो. ती म्हनली, महिपतीमामा, तुमी हाय म्हनून बरं, न्हाई तर मला येकटीला भ्या वाटलं असतं."

स्नेहलने तोंड फिरवलं. इर्शादभाईंना खिडकीबाहेरचा रस्ता दिसेना.

"चार पोती," विठाबाई अगदी हळू म्हणाल्या. "धोंडिबा, चार पोती खाली टाकाया किती येळ लागतो?"

धोंडिबा पुढे सरकले, त्यांच्या पायांशी वाकले. विठाबाईंनी पाय मागे घेतले.

"पाया नगं पडू. मला माफ करता यायचं न्हाई, मी खोटं बोलायची न्हाई. ऊठ. चल, कुटं जायाचं त्या चौकीत."

चौकीत लिहिणं तीन तास चाललं. बाहेरच्या बाकावर विठाबाई बसल्या होत्या. तळेगावहून चिमाबाई आल्या, नवऱ्याने सकाळी सांगितलेलं अजून त्यांच्या चेहऱ्यावर ताजं होतं. विठाबाईंनी न बघताच बाकावर सरकून जागा केली. दोघी शेजारी बसल्या.

अंधार पडायच्या आत इर्शादभाई विठाबाईंना स्टँडवर सोडायला निघाले. बाजारात पर्यटकांची झुंबड होती, करवंदांच्या पाट्या होत्या. त्या गर्दीतून वाट काढताना विठाबाई एकदम थांबल्या.

"भाऊ, वीस मिन्टं बोलत व्हती म्हनला ना त्यो?"

"हो."

"त्यानं सांगितलं ते पाच मिन्टांचंबी न्हाई झालं." त्यांनी इर्शादभाईंच्या बाहीला धरलं. "बाकीचं त्याला ठावं असंल. ध्यान देऊन आटवलं तर आटवंल. तुरुंगात टाकल्यावर भेटाया देत्यात का?"

"घरच्यांना देतात. वकिलाला देतात."

"मला?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी त्यांना विचारला नव्हता. मारलेल्याची आई मारणाऱ्याला भेटायला परवानगी मागते, हे कुठल्या नियमात बसतं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"अर्ज करावा लागेल," ते शेवटी म्हणाले. "मी करून देतो."

"करा. मी त्याला शिव्या द्यायाची न्हाई, मारायाची न्हाई, असं बी लिवा त्यात," विठाबाई म्हणाल्या. "त्यानं नुसतं बोलायचं. मी ऐकंन."

कामशेतची गाडी लागली होती. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी हलल्यावर त्यांनी बाहेर वाकून पुन्हा विचारलं, "उद्याच करताल ना, भाऊ? मानूस म्हातारा हाय. इसरंल."

"उद्याच," इर्शादभाई म्हणाले, आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले.